बिनधुराची आगगाडी

“धूर? धूर न्हाई मिळायचा,” दौलतमामा म्हणाले आणि इंजिनाच्या पितळी कड्यांवरून तेलकट फडकं फिरवत राहिले.

“अहो मामा, आगगाडीचा फोटो आहे. धूरच नसला तर लोकांना वाटेल गाडी उभीच आहे.”

“वाटू दे. डोळे असलेल्याला चाकं दिसतील की.”

चिंचवणच्या इंजिन शेडमधली ही बातचीत मे महिन्यातल्या एका शनिवारची. आमच्या चिंचवण ते देवखडकी या छोट्या लाइनीला त्या साली पंचाहत्तर वर्षं झाली होती. डिझेल आल्यापासून वाफेची इंजिनं शेडमागे गंजत पडली होती. त्यातलं एक दुरुस्त करून, काळंकुळकुळीत रंगवून, रविवारी पाहुण्यांसकट भैरवघाट चढवायचं, असं लाइनीचे मोठे साहेब नाडकर्णी यांनी ठरवलं होतं. शिवाय त्या गाडीचं एक मोठं कॅलेंडर काढायचं होतं. बारा महिन्यांना मिळून एकच फोटो, जुन्या काळच्यासारखा काळा-पांढरा. ते कॅलेंडर लाइनीवरच्या प्रत्येक स्टेशनात आणि थेट मोठ्या ऑफिसात लागणार होतं. फोटोखाली बारीक अक्षरात माझं नाव छापायचं साहेबांनी कबूल केलं होतं.

तोवर माझं नाव चिंचवणच्या वेशीबाहेर गेलं नव्हतं. वेशीच्या आत मात्र त्याचा बराच दबदबा होता, असं मीच म्हणत असे. बाजारपेठेत माझी पाटी होती, ‘रेवणकर फोटो स्टुडिओ. बारा वर्षांत एकही रोल वाया नाही.’ ही दुसरी ओळ मी मुद्दाम रंगवून घेतली होती. पलीकडच्या गल्लीतल्या एका फोटोग्राफरचा अख्ख्या लग्नाचा रोल कोरा निघाला होता. आठ दिवसांनी नवरानवरीला पुन्हा मुंडावळ्या बांधून उभं करावं लागलं, आणि तोपर्यंत त्यांचं पहिलं भांडणही होऊन गेलेलं. त्या फोटोत दोघंही एकमेकांकडे बघत नाहीत. तेव्हापासून गावातली लग्नं माझ्याकडे येत, आणि येणारा माणूस आधी ती ओळ वाचून मग माझ्याकडे बघे.

तर असा मी, आणि समोर दौलत सोनटक्के. एकतीस वर्षं याच लाइनीवर ड्रायव्हर, सहा वर्षांपूर्वी निवृत्त. सगळं गाव त्यांना मामा म्हणे. ते इंजिन घाट चढवून नेईल असा दुसरा माणूस उरला नव्हता, म्हणून साहेबांनी त्यांना घरून बोलावून आणलं होतं.

“काळा धूर म्हंजे काय, ठावं हाय का?” मामांनी फडकं खांद्यावर टाकलं. “न जळलेला कोळसा. फायरमननं आळस केला, ढीगभर कोळसा एकदम भट्टीत कोंबला, की धूर निघतो. थोडा थोडा, पसरून टाकला तर समदा जळतो, धुराडं साफ ऱ्हातं. आमच्या वेळी धूर दिसला की इन्स्पेक्टर मेमो फाडायचा. मला एकतीस वर्षांत एक मेमो न्हाई.”

“म्हणजे धुराड्यातून काहीच निघणार नाही?”

“वाफ निघती की. पन ह्या उन्हात ती दिसत न्हाई. भाईर आली की इरून जाती. थंडीच्या दिवसांत बगा, पिंजलेल्या कापसागत दिसती.”

“आता मे महिन्यात मी थंडी कुठून आणू?”

“ते काय माझं काम न्हाई,” मामा हसले. मग हसू तसंच ठेवून म्हणाले, “रेवणकर, तुमचं क्यालेंडर बारा महिनं भितीवर ऱ्हानार. माझ्यासंगचे समदे जुने डायवर बगनार. म्हननार, दौलत म्हातारा झाला, आग राखता येईना. बारा महिनं माझी लाज टांगून ठिवता व्हय?”

मीही हसलो. म्हाताऱ्या माणसाचा हट्ट, दुसरं काय, असं मनाशी म्हणालो आणि शेडच्या मागच्या बाजूला रंगनाथला गाठलं.

रंगनाथ म्हणजे मामांचा फायरमन. चाळिशीचा, भरघोस मिशांचा गडी. मामांच्या हाताखाली तयार झालेला, आणि त्यांच्यापुढे मान वर न करणारा. त्याला मी साहेबांची इच्छा सांगितली, कलेची महती सांगितली. तो मिशीला पीळ देत ऐकत राहिला.

“माझी सासुरवाडी म्हनती, जावई स्टेशनात झाडू मारतो,” तो शेवटी म्हणाला. “मला एक फोटो पायजे. इंजिनावर, हातात फावडं, ह्यो एवढा मोठा, काचंची फ्रेम करून.”

“दिला.”

“भैरवाच्या वळनावर तुमी रुमाल हलवा. दहा फावडी एकदम घालतो.”

“तू फावडी घालताना मामांना दिसेल का रे?”

“ते पुढं बगत असत्यात. फकस्त,” त्याने मिशी सोडली, “त्यांच्या कानावर जाऊ देऊ नका.”

इतक्या सहज आमचा कट शिजला. मला त्यात वावगं काही वाटलं नाही. फोटोपायी मी वधूपित्यांना रडवलं होतं, लहान मुलांना चिमटे काढले होते.

रविवारी सकाळी सायकलवर कॅमेरा बांधून मी भैरवाच्या वळणावर जाऊन बसलो. वळणाच्या आतल्या बाजूला एक उंच दगड आहे. तिथून खालचा सगळा चढ दिसतो, आणि गाडी आपल्याकडे तोंड करून येते. ऊन असं की दगडावर हात टेकवत नव्हता. पण दुपार कलली तशी ढगांची ये-जा सुरू झाली. आता लख्ख ऊन, की मी कॅमेऱ्याचं छिद्र बारीक करायचो. तेवढ्यात सूर्य नव्या जावयासारखा रुसून ढगामागे जायचा, की मी ते मोठं करायचो. मोठं केलं की हा पुन्हा हजर. तासाभरात माझी बोटं आणि माझी जीभ दोन्ही थकली. तिकडे दोनला सुटायची गाडी भाषणांमुळे साडेतीनला सुटली.

चारच्या सुमारास शिट्टी ऐकू आली. माझ्याकडे याशिका कॅमेरा होता, एका रोलमध्ये बारा फोटो. खालच्या चढावर इंजिन दिसू लागलं तेव्हा मी तीन काढले. मामांचं म्हणणं खरं होतं. धुराड्यावर नुसती हवा थरथरत होती. एवढं रंगवलेलं, झेंडूच्या माळा घातलेलं इंजिन, आणि फोटोत ते शेडमध्ये उभं असल्यासारखं दिसणार होतं. मी रुमाल काढला आणि जोरात हलवला.

आधी काही झालं नाही. मग धुराड्यातून काळा लोट उसळला. असा दाट, असा उंच की डब्यांतल्या पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. ऊनही नेमकं त्याच वेळी इंजिनावर पडलं. मी एकामागून एक नऊ वेळा बटण दाबलं. असा फोटो आयुष्यात एकदा मिळतो.

आणि मग इंजिनाची धाप ऐकू येऊ लागली. भक्... भक्... भक्... मधली अंतरं वाढत गेली. माझ्या दगडापासून चाळीस पावलांवर गाडी थांबली. दहा फावडी गार कोळसा एकदम पडल्यावर आग दबून जाते आणि वाफेचा जोर उतरतो, हे रंगनाथला माहीत असायला हवं होतं. काचेच्या फ्रेमपुढे तो विसरला असावा.

मामा खाली उतरले. त्यांनी धुराड्याकडे पाहिलं. मग रंगनाथकडे. मग माझ्याकडे, आणि माझ्या हातातल्या रुमालाकडे. तो अजून माझ्या हातातच होता. मग ते परत वर चढले आणि भट्टी उकरायची लांब सळई त्यांनी हातात घेतली.

मी धावत खाली गेलो. तोवर पहिल्या डब्यातून नाडकर्णी साहेब उतरले होते. त्यांच्या मागे दारात त्यांच्या पत्नी, फिकट पिवळ्या साडीवर काजळीचे ठिपके निरखत उभ्या.

“काय झालं, सोनटक्के?”

रंगनाथ फावड्याच्या दांड्याला धरून उभा होता आणि त्याच्या मिशा खाली आल्या होत्या. मामांनी नुसतं आमच्याकडे बोट दाखवलं असतं तरी पुरलं असतं.

“आग बसली, साहेब,” मामा म्हणाले. “माझं ध्यान न्हवतं. वीस मिनटं द्या, गाडी वर नेतो.”

एकतीस वर्षांत ज्याला मेमो नाही त्या माणसाने हे साहेबासमोर, गार्डासमोर, डब्यांच्या खिडक्यांतून डोकावणाऱ्या चाळीस पाहुण्यांसमोर सांगितलं. त्यांतले निम्मे त्यांचे जुने सोबती होते.

“ठीक आहे, ठीक आहे, वय झालं,” साहेब मोठ्या मनाने म्हणाले आणि माझ्याकडे वळले. “पण धूर काय झकास होता हो! रेवणकर, मिळाला ना? तोच घालायचा कॅलेंडरवर. ठरलं!”

मामांची पाठ आमच्याकडे होती. सळई क्षणभर थांबली आणि पुन्हा चालू लागली.

साहेब गेल्यावर मी पायरीवर चढलो. “मामा, मी...”

“रोल संपला असंल तर बदलून घ्या,” ते मागे न बघता म्हणाले. “वीस मिनटं हायेत. आन तो रुमाल खिशात घाला.”

शरमेने माझे कान तापले. ते मला ओरडले असते, शिव्या दिल्या असत्या तर मी काहीतरी उलट बोललो असतो आणि मोकळा झालो असतो. आता मी गुपचूप दगडाकडे परतलो.

तेवढ्यात वारा फिरला. पश्चिमेकडचे ढग, जे दिवसभर माझी चेष्टा करत होते, ते एकदम जमून डोंगरावर आले. झाडांचा पाला उलटापालटा झाला आणि टपाटप गारा पडू लागल्या. बोराएवढ्या, मग सुपारीएवढ्या. डब्यांच्या खिडक्या धडाधड बंद झाल्या. मी दगडाच्या कपारीत बसून, छत्री डोक्यावर धरून, कॅमेरा पोटाशी घेऊन रोल बदलला. एक गार माझ्या कानावर अशी बसली की डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, चला, थोडी फेड झाली.

दहा-बारा मिनिटांत सगळं थांबलं. रुळांवर, खडीवर गारांचा पांढरा सडा पडला होता आणि अंगावर काटा येईल इतकी हवा गार झाली होती. डोंगरावर काळंभोर आभाळ तसंच होतं, पण पश्चिमेकडे ढगांना खालून एक फट पडली आणि तिच्यातून तिरपं ऊन सरळ इंजिनावर आलं.

शिट्टी झाली. मामांनी वाफ सोडायचा दांडा ओढला. चाकं एकदा घसरली, मग धरली. आणि धुराड्यातून पांढरा लोट निघाला.

काळ्या आभाळावर पांढराशुभ्र. धुराचा एक धागा नाही त्यात. दर भकेला नवा गोळा वर जायचा, उन्हात चकाकायचा आणि मागच्यात मिसळायचा. डबे दिसेनासे झाले. मी आ वासून बघत राहिलो आणि मग भानावर येऊन कॅमेऱ्यात डोकं घातलं. इंजिन माझ्यासमोर आलं तेव्हा मामा खिडकीतून बाहेर झुकले होते, पण ते माझ्याकडे बघत नव्हते. मान वर करून ते आपल्या धुराड्याकडे बघत होते. पोराच्या वरातीत बाप बघतो तसं. मी बटण दाबलं.

सोमवारी दोन्ही रोल धुतले आणि दोन्ही फोटो छापून शेजारी शेजारी वाळत घातले. खोटं कशाला बोलू, काळा फोटो जास्त जबर होता. ऊन, वळण, धूर, सगळं जागच्या जागी. बघणाऱ्याने जागीच थांबावं असा. मग मी भिंग घेतलं आणि इंजिनाच्या खिडकीत पाहिलं. मामांनी डोकं बाहेर काढलं होतं. धूर त्यांना नुकताच दिसला होता. त्यांचा चेहरा एवढासा, तांदळाच्या दाण्याएवढा, पण त्यावर काय होतं ते मला नीट दिसलं. ते बारा महिने प्रत्येक स्टेशनात टांगलं जाणार होतं, खाली माझ्या नावासकट.

मग पहिल्या रोलची निगेटिव्ह आणि ती प्रत उचलली आणि मागच्या अंगणात अंघोळीच्या पाण्याचा बंब पेटला होता त्यात घातली.

“अहो, बंबातून काळा धूर कसला येतोय?” बायको स्वयंपाकघरातून ओरडली.

“कोळसा नीट पेटला नाही,” मी म्हणालो.

दुपारी पांढरा फोटो घेऊन साहेबांकडे गेलो. त्यांनी तो पाहिला, छान म्हणाले, आणि हात पुढे केला. “आणि तो धुराचा?”

“तो रोल वाया गेला, साहेब. धुताना उजेड शिरला.”

“वाया गेला? अहो, पण तुमच्या त्या पाटीवर तर...”

“पाटी उतरवतो,” मी म्हणालो.

आणि उतरवली. उतरवावीच लागली, कारण संध्याकाळपर्यंत सगळ्या बाजारपेठेला बातमी लागली होती. रेवणकरांचा रोल गेला, तोही आगगाडीचा, तोही मोठ्या साहेबाचा! पुढची दोन वर्षं मी कुठल्याही लग्नात उभा राहिलो की कोणी तरी विचारायचंच, “रेवणकर, कॅमेऱ्यात रोल घातलाय ना?” पलीकडच्या गल्लीतला फोटोग्राफर तर मला रस्त्यात थांबवून सहानुभूती दाखवू लागला. ते सर्वांत झोंबायचं. सात-आठ लग्नं हातची गेली. रंगनाथला मात्र मी ठरल्याप्रमाणे इंजिनावर फावड्यासकट फोटो काढून काचेची फ्रेम करून दिली. सासुरवाडीत त्याला त्या दिवसापासून खुर्ची मिळाली म्हणे.

कॅलेंडर छापून आलं तेव्हा दौलतमामा माझ्या दुकानी आले. घाटानंतर पहिल्यांदाच. मी एक प्रत त्यांच्यासमोर उलगडली. त्यांनी स्वतःकडे बघितलंच नाही. धुराड्यावर बोट ठेवलं आणि तिथून वरपर्यंत, वाफेच्या टोकापर्यंत सावकाश नेलं.

“साफ हाय,” ते म्हणाले.

“साफच आहे, मामा.”

“आन तो पैला?”

“वाया गेला. उजेड शिरला.”

मामांनी दारावरच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. पाटीचे चार खिळे तिथे तसेच होते. मग त्यांनी चहा घेतला, पावसापाण्याचं बोलले, कॅलेंडरची गुंडाळी काखेत मारली आणि गेले. त्यांना काही कळलं की नाही, मला समजेना. विचारायचा धीरही झाला नाही.

त्यानंतर पाच वर्षांनी त्यांच्या नातीचं लग्न निघालं. मुलगा पुण्याचा, व्याही हौशी. त्यांनी पुण्याहून व्हिडिओवाला आणायचा घाट घातला होता. मामांनी निरोप धाडला, व्हिडिओ आणायचा तर आणा, फोटो रेवणकरच काढणार. मांडवात व्याह्यांनी मला एकदा वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. त्यांच्या कानावर गावाने काय घातलं असेल ते मला ठाऊक होतं.

“मामा, हेच का ते?” व्याही हळूच म्हणाले. “यांचे रोल जातात म्हणे.”

दुपारची वेळ होती. मांडवाच्या एका बाजूला मामांचे जुने सोबती, सगळे पांढऱ्या डोक्यांचे ड्रायव्हर, सुपारी कातरत बसले होते. रंगनाथही त्यांच्यात होता. मामांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि शिट्टी ऐकायची सवय असलेल्या माणसाच्या आवाजात, म्हणजे सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं बोलले.

“व्हय, हेच. सतरा वर्षांत ह्यांचा एकच रोल वाया गेला. आन उभ्या जन्मात माझ्या इंजिनातनं एकदाच काळा धूर निघाला. दोन्ही एकाच दिवशी.”

म्हातारे हसले. व्याही त्यांना बघून हसले. रंगनाथ तेवढा मान खाली घालून सुपारी शोधू लागला. मी उगाच कॅमेऱ्याचं छिद्र लहान-मोठं करत होतो.

“चला रेवणकर,” मामांनी माझा खांदा हलवला, “ऊन पुन्ना जायच्या आत पोरीचा फोटो काढा.”